अठराव्या भागावर थांबलेला माईक

मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पुढे पाठवत आलो, आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतो आहे. मी एक जुना माईक आहे. सोलापूरच्या एका दुकानात काचेमागे पडून होतो. शिवप्रियाने मला हातात घेतलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "गाण्यासाठी का, ताई?" ती म्हणाली, "न्हाय, बकरीसाठी." दुकानदाराने घाईघाईने बिल फाडलं. खरं सांगायचं तर मीही जरा घाबरलोच.

मला डोळे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मला फक्त ऐकू येतं. त्यामुळे या गोष्टीत कोण कसं दिसत होतं, कुणी कोणती साडी नेसली होती, हे मला विचारू नका.

शिवप्रिया तामलवाडीची. तुळजापूरच्या एका बालवाडीत ती शिकवायची. घरात ती आणि तिची आई गौराबाई, दोघीच. परदेशातल्या एका चित्रमालिकेने तिला वेड लावलं होतं. वाळवंटात हरवलेली एक मुलगी आणि तिला घरी पोचवायला निघालेली एक म्हातारी, तोंडाळ बकरी, एवढीच गोष्ट. पण सव्वीस भागांची. ती मराठीत कुणी आणली नव्हती. "मग आपणच आणू की," असं म्हणून या पोरीने सगळ्या पात्रांचे आवाज एकटीने काढायला सुरुवात केली. पैशाची अपेक्षा नव्हती. भाग तयार झाला की इंटरनेटवर टाकायचा आणि ज्याला हवा त्याने ऐकायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते मी फार जवळून ऐकलं आहे.

आमचा स्टुडिओ म्हणजे गौराबाईंचं लाकडी कपाट. आत चारी बाजूंनी वाकळा, म्हणजे जुन्या जाड गोधड्या टांगलेल्या, मध्ये मी, आणि डोकं आत खुपसून शिवप्रिया. पंखा बंद. घर सोलापूर रस्त्याला लागून, त्यामुळे मंगळवारी-शुक्रवारी तुळजापूरच्या देवीला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, आणि पौर्णिमेला तर कामाचं नावच काढायचं नाही. एरवी एक गाडी गेली आणि दुसरी यायची आहे, तेवढ्या फटीत आम्ही वाळवंट उभं करायचो.

बकरीचा आवाज काढताना ती घसा आवळायची, खरवडायची. "चल गं बये, पाय हायेत का खुंट्या?" असं ती बकरी आमच्याच बोलीत करवादायची. लोक त्या बकरीवर अक्षरशः जीव टाकू लागले. शिवप्रिया कमेंट मोठ्याने वाचून आईला ऐकवायची: 'आवाज किती स्वच्छ आहे!' ही स्तुती माझीच आहे असं मी समजायचो. खोटं कशाला बोलू, फुगायचोसुद्धा.

चूक सहाव्या भागाला झाली. कुणीतरी लिहिलं होतं, 'फुकटात काम करणारे सगळे अर्ध्यावर सोडतात. तूही सोडशील.' शिवप्रियाला राग आला. भाग संपल्यावर ती माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "आई भवानीची आन, सव्वीसच्या सव्वीस भाग करीन!" घरात पूजा महादेवाची, पण आण घ्यायची ती भवानीचीच. तामलवाडीत राहून दुसरी कुणाची घेणार?

बाहेरून गौराबाई ओरडल्या, "अगं, बकरीपायी देवीची आन घेत्यात व्हय? आन म्हंजी काय चिंचा-बोरं हाय का वाटायला?"

पण आणेचे ते शब्द मी केव्हाच पुढे पाठवले होते. अडवणं मला जमत नाही. माझी जातच तशी.

अठरावा भाग झाला आणि तिचा आवाज बसायला लागला. आधी संध्याकाळी बसायचा, मग दुपारीच. सोलापूरच्या डॉक्टरांकडून त्या दोघी परत आल्या त्या दिवशी गौराबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "गळ्यातल्या तारांवर गाठी आल्यात म्हनं. तीन महिने एक सबद बोलायचा न्हाय. आन् त्या बकरीचा आवाज तर जल्मात न्हाय. काढला तर हाय तो बी जाईल." आवाज गेला तर बालवाडी गेली, मुक्या बाईंकडे मुलं कोण पाठवणार?

मौन सुरू होण्याआधी शिवप्रिया कपाटात आली. मला वाटलं, काम करायचं असेल. ती कुजबुजली, "देवी, आन मोडली तर माझ्या आईला काही करू नको. जे काही करायचं ते मला कर." त्यानंतर तिने कपाट लावून घेतलं.

आता मी आत आणि ती बाहेर. पण मित्रांनो, कोंडलेले आम्ही दोघंही होतो. तिने लोकांना काहीच कळवलं नाही. आण घेतली होती, कोणत्या तोंडाने सांगायचं? पोरगी फोन बघून का रडते, हे शोधायला गौराबाईंनी एकदा फोन हातात घेतला आणि अक्षर-अक्षर लावत वाचलं, "आन घे-ऊन प-ळ-ली. खो-टा-र-डी." पुढचं त्यांनी वाचलं नाही.

एका शुक्रवारी दुपारी कपाट उघडलं. कागद सळसळला. एकोणिसावा भाग. मौनाचा तेव्हा दुसराच महिना होता. तिने श्वास घेतला आणि बकरीचा आवाज लावला, "चल गं ब—" पुढे नुसती घरघर. तिने पुन्हा लावला, पुन्हा घरघर. थांब गं बाई, असं मला ओरडायचं होतं. पण माईकला ओरडता येत नाही, आणि कान झाकायला हातही नाहीत. तिसऱ्यांदा तर घरघरसुद्धा उमटली नाही. मग ती रडली. आवाजाशिवाय रडणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यात नुसता श्वास असतो.

तेवढ्यात दारावर काठी वाजली.

"बकरीचं घर हेच का?" आवाज म्हाताऱ्याचा होता. "मी नागप्पा. माकणीचा. भागात तामलवाडीचं नाव ऐकलं हुतं. तुळजापुरात दर्शन झालं, म्हनलं पुढं जाऊन पोरीला इचारूनच यावं."

"या मामा, बसा," गौराबाई म्हणाल्या.

"बसत न्हाय. बाई, मला डोळ्यानं लई धुरकट दिसतं. चित्रं कळत न्हाईत. नुसत्या आवाजावर अठरा भाग ऐकले. फुकट जेवायला बोलावलं म्हनून मानसाला अर्ध्या पंगतीतून उठवायचं असतंय का?"

"आन् वाढनारीचाच हात भाजला तर, मामा?" गौराबाईंचा आवाज चढला. मग त्यांनी गाठी, डॉक्टर, मौन, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "आत्ताबी कपाटात मुंडकं घालून बसली हुती. आन मोडंल म्हनून. मरंल पोरगी, पन आन मोडायची न्हाय!"

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

"हात भाजला म्हनून सांगायचं तरी," नागप्पा हळूच म्हणाले. "आमाला काय खा-खा करनारा भस्म्या रोग झालाय का? पोरी, हिकडं ये. आन कुनापुढं घेतली? आमच्यापुढं. मग सोडायचा हक बी आमचाच. शाळंत पोरं म्हनत न्हाईत का, सुटली म्हन, सुटली म्हन? पन माझं एक सांग. ती पोरगी घरी पोचती का?"

मी कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही.

"मुंडी हलवली तिनं, मामा," गौराबाई म्हणाल्या. "व्हय म्हनती. पोचती."

"आन् बकरी?"

पुन्हा शांतता.

"बकरी बी."

"बास," नागप्पा म्हणाले. "माझ्याकडनं सुटली."

त्या रात्री शिवप्रियाने सगळं खरं लिहून टाकलं. उत्तरं गौराबाईंनीच वाचली, अक्षर लावत. पुष्कळांनी 'सुटली' असं लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'आमच्याकडून सुटली नाही.' तेही त्यांनी वाचलं आणि "ऱ्हाऊ दे, त्याचा बी जीव गुतला असंल," असं म्हणून फोन ठेवला.

मित्रांनो, मी तेव्हापासून कपाटातच आहे. माझ्या वायरला गाठ मारली आहे आणि अंगावर वाकळा रचल्या आहेत. एकोणिसावा भाग कधीच होणार नाही. मला वाईट वाटतं, हे लपवत नाही. पण तुम्हाला कुणी प्रेमाने काही फुकट देत असेल आणि एक दिवस त्याचा हात थांबला, तर 'उरलेलं कुठंय' असं विचारण्याआधी 'तू बरा आहेस ना' एवढं विचारा. आणि देणाऱ्यांनो, थांबावं लागलं तर थांबा, फक्त दाराआड लपू नका. लाजेने कोंडून घेतलेल्या माणसाला बाहेरचा आवाजही शिवीसारखाच ऐकू येतो.

परवा तीन महिने पूर्ण झाले. सकाळी अंगणातून एक आवाज आला. जरा घोगरा होता, अडखळत होता. त्यात बकरी नव्हती, वाळवंटातली मुलगी नव्हती.

"आई," तो आवाज म्हणाला, "च्या ठेव गं."

गौराबाईंच्या हातातून काहीतरी खाली पडलं. ते मी कपाटातून, सगळ्या वाकळांमधून ऐकलं. आणि पहिल्यांदाच, आज तुम्हाला सांगेपर्यंत, ऐकलेलं पुढे कुणालाही पाठवलं नाही.