शिकाऊ गुणाजी, वय चौतीस

माझा बाप वारला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो प्लॅस्टिकच्या झाडाला पाणी घालत होता.

तांब्या आमच्याच घरचा, पितळी, एका बाजूनं चेमटलेला. जागा मुलुंडच्या बाजारातली, साडीच्या दुकानावरचा तिसरा मजला. तिथं आमचं कौशल्य केंद्र. पाणी हिरव्यागार पानांवरून घरंगळलं, फरशीवर आलं आणि फरशीवरून मार्तंड सरांच्या बुटापर्यंत गेलं. मार्तंड सर म्हणजे केंद्राचे प्रमुख.

“काय चाललंय हे, गुणाजी?”

“पाणी घालतंय, सायबानु.”

“अहो, प्लॅस्टिकचं आहे ते!”

“म्हणानच तर. महिनो झालो, एक पान फुटूक नाय. म्हटलं, तान लागली असतली.”

वर्ग हसला. विकीनं बाक बडवला. “झकास, काका! खत पण टाका ना!”

“खताची काळजी नको, झिला. तां हयसर रोज वरसून पडता.”

मार्तंड सरांना मालवणी कळत नसे. बापाचं ते मोठंच भांडवल होतं. सर माझ्याकडे वळले. “अक्षता मॅडम, तुमच्या शिकाऊंना आवरा.”

मी फडकं आणून फरशी पुसली आणि बापाला म्हणाले, “गुणाजी काका, तांब्या बाजूला ठेवा.”

“होय, मॅडम,” बाप म्हणाला.

हे कसं झालं ते सांगायला हवं. त्यात माझा वाटा मोठा आहे.

आमच्या केंद्रात डोंगराखालच्या वस्त्यांमधल्या पोरापोरींना माळीकाम शिकवायचं, असं एका कंपनीनं ठरवलं. दोनशे चाळीस तासांचा अभ्यासक्रम आला, पडदा आला, चित्रफिती आल्या. जागामालकानं एकच अट घातली की वर माती न्यायची नाही, मोऱ्या तुंबतात. मग सरावासाठी प्लॅस्टिकची झाडं आणली. मातीशिवाय माळी घडवायचा हा उद्योग कोणालाच विनोदी वाटला नाही, कारण प्रस्ताव इंग्रजीत होता. पडद्यावर परदेशातली फुलांची शेतं लांबवर पसरायची आणि खाली पोरं पंख्याच्या वाऱ्यात पेंगायची.

शनिवारी कंपनीचे लोक एकाच रंगाचे शर्ट घालून मार्गदर्शन करायला येत. त्यांना मेंटॉर म्हणायचं. हस्तांदोलन कसं करावं ते शिकवून ते जेवायच्या आत परत जात. त्यातल्या एकानं विकीला विचारलं, “पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतोस?”

विकी म्हणाला, “ते तुम्ही सांगायचं ना, सर. आम्हाला माहीत असतं तर इथं आलो असतो का?”

मग वरून हुकूम आला की वस्तीतलाही एक मेंटॉर हवा. कामातला, वडीलधारा. मी बापाचं नाव दिलं. गिरणी बंद पडल्यावर त्यानं तीस वर्षं सोसायट्यांच्या बागा राखल्या होत्या, आणि त्याआधी गावी आंब्याची कलमं बांधली होती. वाळलेल्या काठीकडे बघून ती आतून ओली आहे की नाही, हे तो सांगायचा.

पण नियमात बसेना. कर्मचाऱ्याचा नातेवाईक चालत नाही, निघाला तर कर्मचारी घरी. म्हणून मी नातं लपवलं. माझ्या नावापुढं नवऱ्याचं नाव होतं. नवरा कधीच निघून गेला, नाव मागं राहिलं. त्याचा एवढाच उपयोग झाला.

“मग मी तुझो कोण?” बापानं विचारलं.

“गुणाजी काका. वस्तीतले.”

“बरा. पण कोंबो झाकून ठेवल्यान म्हणान उजाडूचा रवता काय गो?”

पुढं मेंटॉर बारावी पास हवा, असं निघालं. बाप चौथीतून बैलांमागं गेलेला. आता त्याला घरी पाठवायचं की काय? मी त्याचं नाव मेंटॉरच्या रकान्यातून काढून शिकाऊंच्या रकान्यात टाकलं. तिथं शिक्षणाची अट नव्हती, फक्त वय पस्तिशीच्या आत हवं होतं. अंगठ्याचं यंत्र अंगठा बघायचं. वय मी टंकायचं. मी चौतीस टाकलं. कागदावर माझा बाप माझ्याच वयाचा झाला.

असा तो शिकवायला आला आणि शिकाऊ झाला. रोज सकाळी यंत्रावर अंगठा ठेवून म्हणायचा, “इलो रे बाबा, लिही.” मागच्या बाकावर बसायचा. पडदा बंद झाला की पोरं आपली बाकं त्याच्याकडे फिरवायची.

घरीसुद्धा त्यानं मॅडम म्हणणं सोडलं नाही.

“मॅडम, च्या घेतलास काय?”

“बाबा, घरी कशाला मॅडम?”

“सवय रवाक होयी. तोंडातसून सुटला तर तुझी नोकरी जायत.”

मी हसायचे. नोकरीची भीती खरीच होती. पण त्या भीतीआड दुसरंही काही होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. चहा पिताना बशीचा आवाज करणारा, मातीच्या नखांचा तो माणूस केंद्रात माझा कोणी नव्हता, हे सोयीचं होतं. एवढी पुस्तकं वाचली, त्यांतल्या अशा मुलींवर मी फार रागावत असे.

तर त्या शेवटच्या दिवशी, तांब्याच्या प्रकरणानंतर, जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तो भरलाच नाही. एकोणतीसच्या एकोणतीस पोरं गायब. बापही नाही. मी कुठं शोधायचं ते ओळखलं.

आमचं घर डोंगराला पाठ लावून आहे. मागं तांबड्या मातीचा चार हात रुंद, लांबट तुकडा, त्याला बाप शेत म्हणायचा. पाऊस नुकताच थांबला होता, डोंगरावरून पाणी अजून झिरपत होतं, आणि त्या चिखलात माझी अख्खी बॅच गुडघे टेकून बसली होती. समोर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत आंब्याच्या कोयी रुजलेल्या. रसवाल्याच्या दुकानामागून बापानं त्या गोळा करून आणल्या होत्या. कोवळे तांबूस कोंब चांगले वीतभर झाले होते. पलीकडे ओल्या गोणपाटात हापूसच्या काड्या.

“कोंबाचा डोका उडवा. आता मधोमध चीर. काडीक पाचर करा. हां. बसव आत. सालीक साल लागाक होयी, रश्मी, नायतर शेजारी रवान पण बोलणत नाय.”

“काका, माझं रक्त आलं!” विकी ओरडला.

“येवंदे. त्या प्लॅस्टिकान कधी रक्त काढल्यान तुझा?”

प्लॅस्टिकच्या पट्टीनं जोड आवळायचा आणि वर पेप्सीकोल्याची रिकामी नळी टोपीसारखी घालायची. बाप स्वतः एकालाही हात लावत नव्हता. “माझो हात लागलो तर तां माझा झाला. तुमचा तुमी बांधा.”

मी म्हणाले, “काका, हे काय? हजेरी आहे दोन वाजताची. सर विचारतायत.”

“मॅडम, बसा. तुमी पण एक बांधा. हयसर एक पिशवी उरली.”

“मला अहवाल पाठवायचाय.”

“दोन मिनटां लागतली.”

“काका, मला वेळ नाही,” मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. पोरं खाली बघू लागली.

बापानं उरलेली पिशवी पुढं ओढली, चाकू पुसला आणि कलम बांधलं. त्या दिवशी त्यानं बांधलेलं तेवढंच. मग रांगेच्या टोकाला ठेवून म्हणाला, “ही मॅडमची. आता सगळ्यांनी आयका. एकवीस दिस कोणी हात लावचो नाय. लागला काय, म्हणान ओढून बघलास तर मेला. पाणी घालूचा आणि गप रवाचा.”

केंद्रात यायच्या आधी तो अजूनही एका सोसायटीच्या बागेला पाणी घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बागेत, आंब्याखालच्या कट्ट्यावर तो बसला तो बसलाच. हातात पाण्याचा पाइप चालू होता. वॉचमननं आधी नळ बंद केला, मग मला फोन केला. सोसायटीत पाणी जपून वापरायची नोटीस होती.

मी तीन दिवसांची रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

चौथ्या दिवशी मार्तंड सर म्हणाले, “तो तुमचा गुणाजी गेला म्हणे. अरेरे. चांगला माणूस होता. मॅडम, पण आपली बॅच शंभर टक्के होणार होती हो. आता एक ड्रॉपआउट दाखवावा लागणार.”

संगणकावर कारणांची यादी होती: नोकरी लागली, लग्न, रस नाही, स्थलांतर. मरण नव्हतं. कारण निवडल्याशिवाय पान पुढं सरकेना.

“स्थलांतर टाका,” सर म्हणाले. “तसं खोटंही नाही.”

मी टाकलं. टाकून घरी आले, तर मागच्या तुकड्यात विकी आणि रश्मी डबे घेऊन पाणी घालत होती. काठ्या तशाच उभ्या, टोप्या घालून. दाराशी बापाचा फोटो, त्याला हार.

मी काही बोलायच्या आत रश्मी म्हणाली, “मॅडम, आम्हाला माहीत होतं.”

“काय?”

“काका तुमचे पप्पा होते ते. पहिल्याच दिवशी सांगितलेलं त्यांनी. मॅडम माझं चेडू आहे, लय बुकं वाचलेली. पण कोणी बोलायचं नाही, तिची नोकरी जाईल.”

विकी म्हणाला, “एकोणतीस जण दीड महिना गप्प बसलो, मॅडम. लाइफमध्ये पहिल्यांदा.”

“आणि मी त्यांना काका म्हणायचे, तेव्हा?”

विकी डब्यातलं पाणी हलवत राहिला. “सुरुवातीला हसू यायचं. नंतर नाय यायचं.”

पुढचे दिवस मी रोज सकाळी त्या रांगेपाशी उभी राहत होते. टोकाच्या माझ्या पिशवीतली काडी ओढून बघावी, असं हाताला फार वाटायचं. हात पाठीमागं बांधून परत यायचे.

बाविसाव्या दिवशी प्रमाणपत्रांचा समारंभ होता. मंचावर फुगे, कंपनीच्या श्वेता मॅडम प्रमुख पाहुण्या. पाहुण्यांचं स्वागत रोपटं देऊन करायची पद्धत आहे. मार्तंड सरांनी कुंडीतलं प्लॅस्टिकचं रोपटं पुसून दिलं, मॅडमच्या साडीला माती लागायला नको. मग अहवाल वाचला. तीसपैकी एकोणतीस उत्तीर्ण, एकाचं स्थलांतर. चौघांना गोरेगावच्या एका स्टुडिओत नोकरी लागली होती. चित्रीकरणासाठी उभ्या केलेल्या खोट्या बागेची धूळ पुसायची. म्हणजे आमचं प्रशिक्षण अगदीच वाया गेलं नव्हतं.

प्रमाणपत्र घ्यायला विकी वर गेला तेव्हा त्याच्या हातात दुधाची पिशवी होती. खालून तांबडं पाणी ठिबकत होतं.

“हे काय आणलंस? खाली ठेव,” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“ठेवतो ना, सर.” त्यानं ती सरळ मॅडमच्या समोर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली.

टोपी काढलेली होती. मेल्यासारख्या त्या काडीच्या टोकाला दोन पानं फुटली होती. नखाएवढी, तांब्याच्या रंगाची, ओली. रांगेच्या टोकाची पिशवी मी लांबूनही ओळखली.

श्वेता मॅडम पुढं वाकल्या. त्या कुठल्या शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या कोण जाणे, पण पान त्यांनी बोटानं धरलं नाही, नुसतं बघितलं. “हे कलम आहे ना? अगदी नीट लागलंय. कोणी बांधलं?”

“मॉड्यूल चार, मॅडम,” मार्तंड सर चटकन म्हणाले. “चित्रफितीत आहे सगळं.”

“चित्रफितीनं बांधलं?” त्या हसल्या. विकीला म्हणाल्या, “तू बांधलंस?”

“नाय, मॅडम. माझं तिकडं रांगेत आहे, वाकडं आलंय. हे मी नाय बांधलं.”

“मग कोणी?”

विकी बोलला नाही. रश्मी बोलली नाही. एकोणतीस पोरं खुर्च्यांवर चिडीचूप बसली होती, बापानं शिकवल्यासारखी. एकानंही माझ्याकडे मान वळवली नाही. वळवली असती तर मला सोपं गेलं असतं.

सर माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होते, काहीतरी बोला, निभावून न्या. माझ्या मांडीवर अहवालाची प्रत होती. तिच्यात शिकाऊ गुणाजी, वय चौतीस, स्थलांतर.

मी उठले. शुद्ध बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि आलं ते घरचंच.

“गुणाजीन बांधल्यान,” मी म्हटलं. “सगळ्यांका तेनाच शिकवल्यान. तो माझो बापूस.”