आतल्या बाजूची साखळी

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची, मे महिन्यातली. लातुरात त्या उन्हाळ्याला अजूनही रेल्वेच्या पाण्याचा उन्हाळा म्हणतात. गाडी भरून पाणी यायचं, पण गावभर वाटून गल्लीपर्यंत पोचायचं ते थोडकंच. ज्याच्या घरी हौद होता तो खासगी टँकर सांगायचा. ज्याच्या घरी नव्हता तो पिंपावर भागवायचा.

केवळाबाईंच्या घरी पिंप होतं. हौद होता तो भिंतीपलीकडे, धाकट्या दिराच्या, व्यंकटरावांच्या घरी.

हे दोघे भाऊ मूळचे शिरूर अनंतपाळचे. शेती वाट्याने लावून लातुरात आले, एक प्लॉट घेतला आणि एकच घर बांधलं. थोरले अण्णाराव, म्हणजे केवळाबाईंचे यजमान, होते तोवर चूल एक होती. ते गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. मधली मोठी खोली व्यंकटरावांच्या वाट्याला गेली. त्यांनी तिची रस्त्याकडची भिंत पाडून गॅरेज केलं आणि खाली हौद बांधला. आपल्या घराकडूनही तिला दार ठेवलं नाही, जायचं ते रस्त्याकडूनच. केवळाबाईंच्या घरातून त्या खोलीत जाणारं दार विटांनी बुजवलं. गवंडी म्हातारा होता, अशी भांडणं त्याने पुष्कळ पाहिली होती. सख्ख्या भावाचं घर आहे, आज ना उद्या मिटेल, तेव्हा फोडायला सोपं जावं म्हणून त्याने विटा नुसत्या मातीत बसवल्या आणि वरून गिलाव्याचा हात फिरवला. मिटलं मात्र नाही. दोघी जावांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

केवळाबाईंना मूल नव्हतं. काटक बाई. बहात्तरच्या दुष्काळात नवी नवरी असताना खडी फोडायला गेलेली. पण तेव्हासुद्धा त्या विहिरीच्या तळाला उतरून, वाटीवाटीने पाणी भरून रोज अंघोळ करत. ती एकच चैन त्यांनी आयुष्यभर जपली होती. या उन्हाळ्यात मात्र सगळी गल्ली ओल्या फडक्याने अंग पुसू लागली. पाडव्याच्या दिवशी त्यांनाही तसंच करावं लागलं, आणि त्याच दुपारी त्यांनी धान्याच्या रिकाम्या कोठीमागचा गिलावा उलथन्याने खरवडून पाहिला.

माती भुरभुर गळाली. सात-आठ विटा काढल्या की बाई सरपटून आत जाई. हौदाचं तोंड तिथून दोन हातांवर होतं. दुपारी पलीकडचं घर झोपलं की त्या एक बादली पाणी काढत, विटा जागेवर लावत आणि कोठी पुढे सरकवत. मग शिकेकाई लावून सावकाश अंघोळ. धुतलेलं लुगडं घरातच दोरीवर वाळवायचं, म्हणजे कुणाला दिसायला नको.

विटा सैल झाल्यापासून पलीकडचं बोलणंही ऐकू येऊ लागलं. हौद लवकर का तळाला जातो म्हणून व्यंकटराव बायकोवर, भामाबाईंवर, रोज तोंड टाकत. "धुणं धुतीस का पाण्याला लुटतीस?" केवळाबाई भिंतीच्या अलीकडे ऐकत आणि केस पुसत.

पाण्याच्या चोरीला भिऊनच व्यंकटरावांनी नांदेडहून कारागीर आणून गॅरेजला मोटरवर चालणारं शटर बसवलं. बाहेरून कुणाला उचलता येऊ नये म्हणून खालची मूठ आणि कुलपाचे कान कापून टाकायला लावले.

मेच्या मध्यावर त्यांची मुलगी सुकन्या बाळंत झाली. नांदेडला दिलेली, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी सोयर फिटणार, म्हणजे बाळंतिणीचं न्हाणं, सगळी अंथरुणं-पांघरुणं धुणं, घर धुणं, आणि दुपारी नांदेडची माणसं बारशाला. त्यासाठी आदल्या दिवशीच यायला टँकर सांगितला होता. त्या दिवशी व्यंकटराव सकाळीच गाडी घेऊन उदगीरला डाळ आणायला गेले. जाताना रिमोटने शटर पाडलं. तासाभरात कोपऱ्यावरची डीपी जळाली आणि गल्लीची लाईट गेली.

दुपारी टँकर आला. चालक विरूपाक्ष, निलंग्याकडचा. त्याने पाइप उतरवला आणि शटरपाशी येऊन थांबला.

"उघडा की अक्का."

"लाईट न्हाई रे," भामाबाई म्हणाल्या. "हौदाचं तोंड आत हाय."

"मग हातानं उचला."

"मूठच न्हाई त्याला."

भामाबाईंनी नवऱ्याला फोन लावला. उदगीरच्या बाजारातून व्यंकटराव ओरडले ते गल्लीला ऐकू आलं. "शटरला पहार लावली तर याद राखा! नांदेडवाल्याला इचारा." नांदेडवाल्याला लावला. तो शांतपणे म्हणाला, "लाईट नसली तर साखळी हाय की मावशी. आतल्या बाजूला. ओढली की वर जातंय."

"आत कसं जायचं?"

"शटर उघडून."

समोरच्या ओट्यावर निवृत्त मास्तर दयानंद सर उभे होते. ते खो खो हसले. "व्यंकटरावांनी तिजोरी केली हो, तिजोरी! चोर बी आत जात न्हाई अन् मालक बी." मग चालकाला म्हणाले, "बाबा, माझा हौद मोकळा हाय. इकडं सोड. मी कवाचा नंबर लावून राहिलो."

विरूपाक्षने घड्याळाकडे पाहिलं. "अक्का, माझ्या अजून दोन खेपा हायेत. भरलेली गाडी परत न्हेता येत न्हाई. बीडी वढून होईस्तोवर थांबतो. मग मास्तरांना देतो."

टँकरच्या तोटीतून थेंब गळत होते. त्याखाली कुणीतरी तांब्या ठेवला. भामाबाई शटरला दोन्ही तळवे लावून वर लोटत होत्या. पत्रा नुसता वाजत होता.

केवळाबाई आपल्या दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. आतून सुकन्याचा आवाज आला, "आई, काय झालं? पाणी घेतलं का?" भामाबाई शटर लोटतच राहिल्या.

सुकन्या पाच वर्षांची होईपर्यंत केवळाबाईंच्याच अंथरुणात झोपायची. वाटणी झाली त्या दिवशी ती शाळेतून आली आणि सवयीने मधल्या दाराकडे धावली, तर तिथे गवंडी बसलेला. उद्या नांदेडच्या बायका येतील आणि बारा दिवसांच्या कपड्यांत बसलेली बाळंतीण बघतील. माहेराला पाणीसुद्धा मिळालं नाही म्हणतील, आणि ते तिला जन्मभर ऐकवतील. केवळाबाईंनी सासर पाहिलं होतं.

दुसऱ्या बाजूने, आजवर गल्लीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

विरूपाक्षची बीडी अर्ध्यावर आली. केवळाबाई घरात गेल्या. कोठी सरकवली आणि विटा काढल्या, एरवी रचून ठेवत तशा नाही, नुसत्या बाजूला टाकल्या. आत काळोख होता. साखळी रोज डोक्याला लागायची, त्यामुळे शोधावी लागली नाही. ओढायला मात्र जड होती. त्या लोंबकळल्याच तिला.

बाहेर विरूपाक्षने थोटूक टाकलं होतं आणि दयानंद सर आपलं फाटक उघडत होते. तेवढ्यात शटर करकरलं आणि खालून वीतभर उजेड आत आला. मग हातभर. गल्लीने आधी केवळाबाईंची पावलं पाहिली, मग लुगडं, मग मातीने भरलेली सगळी बाई.

दयानंद सरांनी उघडलेलं फाटक परत लावलं.

"पाइप घाला आधी," केवळाबाई म्हणाल्या. "बघत काय राहिले?"

हौद भरला. टँकर गेला. बायका पांगल्या, फार लांब नाही. भामाबाई भिंतीतल्या भोकाकडे, पलीकडच्या बादलीकडे आणि जावेच्या केसांकडे बघत राहिल्या.

"कवापासून?"

"पाडव्यापासून."

"मला म्हणायचे, पाणी उधळतीस. पोरीसमोर म्हणायचे."

"ऐकू यायचं मला."

"ऐकू यायचं, अन् तरी अंघोळ व्हायची तुमची?"

"व्हायची," केवळाबाई म्हणाल्या.

भामाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "उद्या बारसं हाय. बारा वाजता बायका येतील," एवढं बोलून त्या आत गेल्या. हे बोलावणं होतं की नुसती माहिती, ते केवळाबाईंना कळेना.

संध्याकाळी व्यंकटराव आले. लाईट अजून आली नव्हती आणि शटर उघडं होतं.

"कुणी उघडलं?"

"तुमच्या वहिनीनं."

"कुठून?"

"आतून."

ते बॅटरी घेऊन भोकापाशी बराच वेळ उकिडवे बसले. ओरडले नाहीत. दीड महिना ते चुकीच्या बाईवर ओरडत होते, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असेल. पण त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुकन्या न्हाली, अंथरुणं धुऊन गच्चीवर पडली, नांदेडची माणसं आली. केवळाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून घरातच बसून होत्या. बारा वाजले तेव्हा भिंतीच्या भोकातून सुकन्याचा आवाज आला, "मोठ्याई, बाळाला कुंची कोण घालणार? यायचं न्हाई का?" केवळाबाई उठल्या आणि रस्त्याने, पुढच्या दाराने गेल्या. त्यांनी बाळाला कुंची घातली. भामाबाईंनी त्यांना हळदकुंकवाऐवजी ओंजळभर घुगऱ्या दिल्या आणि नजर दुसरीकडे फिरवली.

आठवड्याने व्यंकटरावांनी ते दार सिमेंटात बुजवून घेतलं. भामाबाई पाऊस पडेपर्यंत रोज एक कळशी जावेच्या उंबऱ्यावर ठेवत, ती खणकन् वाजवून, गल्लीला ऐकू जाईल अशी. केवळाबाई ती उचलत. चोरी उघडी पडलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही.

विरूपाक्षने पुढच्या वर्षी टँकर विकला आणि उदगीरच्या स्टेशनाबाहेर चहाचं दुकान टाकलं. ते चांगलं चालतं. दयानंद सर हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगत. हळूहळू त्यात विटा वाढल्या आणि केवळाबाई बारीक होत गेल्या. नंतर मुलाने सरांना पुण्याला नेलं. तिथे तो किस्सा ऐकायला कुणी नाही, असं ते फोनवर म्हणतात.

व्यंकटराव दोन हजार एकवीसच्या साथीत गेले. त्या वेळी दवाखान्यात कुणाला जाऊ देत नव्हते. दोघी जावा दोन दिवस एकाच ओट्यावर फोनची वाट बघत बसल्या. तेव्हापासून बोलणं सुरू झालं, बहुतेक भांडणापुरतं. सुकन्या नांदेडला पोस्टात लागली आहे. तिची मुलगी चौथीत आहे आणि वर्गात सगळ्यांत उंच आहे. केवळाबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली, झोपेतच गेल्या. भामाबाई सकाळी उठून दोन्ही अंगणं झाडतात. आधी जावेचं, मग आपलं.