मोठा रुसला तेव्हा

कुलूप न उघडताच घर रिकामं आहे, हे तुम्ही ठरवता कसं?

मी बोटाएवढा पेनड्राइव्ह बोलतोय. हैदराबादेत तारनाक्याच्या विक्रमने मला घेतलं ते लॅपटॉप बिघडला तर उठवायला. माझं शिक्षण तेवढंच. लॅपटॉपला तो मोठा म्हणायचा, मला छोटा. मोठ्याची अख्खी डिस्क त्याने कुलूपबंद केली होती. चालू करताना पासवर्ड दिला तरच ती उघडायची.

विक्रम गेला. दुखण्यात त्याने तान्ह्या लेकीसाठी, शर्वरीसाठी, आपल्या आवाजात गोष्टी सांगून मोठ्यात ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचं घर म्हणे!

खंडेनवमीला त्याची बायको प्रणिता मोठ्याला अपडेट लावून अंघोळीला गेली. मोठ्याची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायरवर जगायचा. सासरे हिम्मतराव स्कूटरला हार घालून आत आले, मिक्सरला कुंकू लावलं आणि मोठ्याची वायर ओढली. म्हणाले, आज यंत्रांना आराम. वर फूलही वाहिलं. पूजा करतील, पण चाललंय काय ते विचारणार नाहीत. अपडेट अर्धवट राहिलं. मोठा सुरूच होईना, पासवर्डही विचारीना.

नामपल्लीच्या दुकानदाराने डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. कुलपाआडचं त्याला काय दिसणार?

"खाली है अम्मा. फॉर्मेट मारतूं, नवाच हो जाता."

सिकंदराबादच्या टायवाल्यानेही तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. हिम्मतराव जेवताना मान वर करीनासे झाले.

मग प्रणिताला विक्रमचं बोलणं आठवलं: मोठा रुसला तर छोट्याला लाव. तिने मला शोधून लावलं. मी मोठ्याला माझ्या जोरावर उठवलं आणि आधी पासवर्ड मागितला. तिने दिला, डिस्क उघडली. सगळं जागच्या जागी होतं. राहिलेलं अपडेट तिने माझ्याकडून पुरं करून घेतलं. मला काढल्यावर मोठा आपणहून उठला.

"शरू, ऐक हं," विक्रम म्हणाला.

हिम्मतराव खाली फरशीवरच बसले. म्हणाले, "सूनबाई, आधी हे दुसरीकडं ठेव. माझा भरवसा धरू नको."

हाताशी फक्त मी होतो, आणि शिक्षणानेच भरलेल्या माझ्यात जागा नव्हती. प्रणिताने मला पुन्हा लावलं.

मी शिकलेलं सगळं पुसू दिलं आणि त्याचा आवाज ठेवून घेतला.