झाकणावरची खोली

बाबांनी जाताना भावाला घर दिलं आणि मला सेप्टिक टाकी. कागदोपत्री नव्हे, पण मागच्या अंगणात झाकण नेमकं कुठं आहे आणि ते कसं उचलायचं, हे त्यांनी मलाच दाखवलं. धाकट्याला म्हणे असल्या गोष्टींची शिसारी येते. मला काय, सुवास येत होता?

वीस वर्षं मी ती टाकी सांभाळली. दर सहा महिन्यांनी लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून आत सोडायची आणि काळा गाळ कुठवर चढलाय ते बघायचं. तिसरा हिस्सा भरला की टँकरवाल्याला बोलवायचं. नाहीतर गाळ पुढच्या शोषखड्ड्यात उतरतो, तिथली माती बुजते आणि सगळं अंगण खणायची पाळी येते. भावजय संडासात कापूस, उरलेलं तेल, बाटलीभर ॲसिड, हाताला लागेल ते ओतायची. मी ओरडले की भाऊ हसून म्हणायचा, "ताई, तू आहेस ना!" झालं, विषय संपला.

मी इस्पितळात औषधांच्या खिडकीवर बसते. यंदा त्यांनी मला तीन महिने दुसऱ्या गावी शिकायला पाठवलं. तिथं मी एकटी राहिले. कुठला नळ गळतोय, कुठून वास येतोय, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर कळलं, की मला एकटं राहायला आवडतं! परतायच्या आधीच इस्पितळाजवळच्या एका बाईंच्या वरच्या दोन खोल्या ठरवून टाकल्या. घरात पाय ठेवल्या ठेवल्या सांगणार होते.

घरी पोचले तर मागचं अंगण गायब. तिथं नवी खोली, गुळगुळीत फरशी, खिडकीला पडदे. भाऊ लहान पोरासारखा हसत होता.

"ताई, तुझी स्वतःची खोली! जन्मभर बाहेरच्या खोलीत झोपलीस."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? आणि सांगायचं होतं ते राहूनच गेलं. अशा माणसाला 'मी चालले' कुठल्या तोंडानं सांगायचं? मी एवढंच विचारलं, "झाकण कुठंय?"

भाऊ-भावजय एकमेकांकडे बघायला लागले. झाकण माझ्या पलंगाखाली होतं.

मी शिकायला गेले तेव्हाच टाकीचा उपसा जवळ आला होता. आता संडासाचं पाणी रेंगाळायला लागलं, मोरीत बुडबुड व्हायला लागली. फरशी फोडायचं नाव काढलं की भावाचं तोंड उतरायचं. "एवढ्या हौसेनं केली गं. जरा पाणी जपून वापरू." मग जपणं सुरू झालं. कपडे धुवायच्या दिवशी आंघोळ बंद. हिशेब ठेवणारी मी, त्यामुळे शिव्याही मलाच. तिकडे घरमालकीणबाई फोन करायच्या, "येताय ना?" मी म्हणायची, "पुढच्या महिन्यात." असे दोन महिने गेले. भेट मिळालेल्या खोलीत मी चोरासारखी राहत होते.

खरं सांगायचं तर टाकी तुंबावी म्हणून मी देवाला साकडं घालत होते. खोली फुटली की मीही सुटले, असा माझा हिशेब. एका सकाळी मोरीतून काळं पाणी वर आलं. भावजय किंचाळली, भावानं हात टेकले आणि माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

पलंग बाहेर काढला. पण गवंडी हुशार निघाला. त्यानं दोन फुटांचा चौकोन तेवढा कापला, झाकण उचललं. टँकरवाल्यानं खिडकीतून पाइप आत घेतला आणि तासाभरात टाकी रिकामी केली.

"इथं लोखंडी झाकण बसवतो, वरून उचलता येईल अशी सुटी फरशी," गवंडी म्हणाला. "पलंग सरकवला की झालं काम."

"किती छान!" भावजय म्हणाली. "ताई इथंच झोपतात, म्हणजे लक्षही राहील."

त्या घाणीच्या वासातसुद्धा मला इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं. दर सहा महिन्यांनी आपलाच पलंग सरकवायचा, काठी सोडायची, पलंग परत ओढायचा आणि त्यावर आडवं व्हायचं. मरेपर्यंत.

"मी जातेय," मी भावाला म्हटलं. "एक तारखेपासून. इस्पितळाजवळ खोल्या घेतल्यात."

तो रागावेल, रडेल, माझं काय चुकलं म्हणून विचारेल. दोन महिने मी त्याच प्रश्नाला भीत होते. त्यानं फरशीतल्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, मग टाकीचं कोण बघणार?"

मला रडू आलं. गवंडी आणि टँकरवाल्यासमोर, चांगलं हुंदके देऊन रडले. मग डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली. एक तारखेला अजून नऊ दिवस होते. मी त्याच दुपारी निघाले.