निळ्या खुणेवरची पट्टी

पहिल्यांदा मला कसून बांधलं त्या सकाळी मी एक व्रत घेतलं होतं. माझ्या स्वाधीन जे केलं जाईल ते मुक्कामाला पोचेपर्यंत सोडायचं नाही. ऊन असो, पाऊस असो, समोरून अंगावर येणारा वारा असो. कुणी घ्यायला सांगितलं नव्हतं. व्रत असंच घेतात, आपलं आपण.

मी एक पट्टी बोलतेय. गाडीच्या टपावर सामान बांधतात ना, ती. रंगानं काळी, दोन बोटं रुंद, एका टोकाला धातूचा चाप. माझ्यासारखीच अजून एक होती. आम्ही दोघी एकाच गुंडाळीतून कापलेल्या, म्हणजे जुळ्याच म्हणा. मी पुढं आणि ती मागं, अशी आमची जागा ठरलेली.

आम्हाला घरी आणलं ते बाबांनी. समुद्रावर फुटलेले सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहायच्या फळ्या, ते दुरुस्त करायचे. घराला लागूनच त्यांची कामाची खोली. तिथं दिवसभर घासणं चालायचं, आणि संध्याकाळी बाहेर येताना त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्यांची मुलगी लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवायची. चालायला लागली त्याआधी ती पाण्यात हातपाय मारायला शिकली होती, म्हणून बाबा तिला मासोळी म्हणायचे. मीही तेच म्हणेन. आणि या दोघांना सांभाळणारी आई.

गाडीची मात्र मोठी गंमत होती. माणसं मोठी गाडी घेतात सामानासाठी. बाबांनी घेतली ती दोनच माणसं बसतील अशी बुटकी, वेगात पळणारी. तरुणपणापासूनची हौस होती. टप असा गुळगुळीत की माशी घसरावी, आणि धरायला एक कडा नाही.

आई दारात उभी राहून म्हणाली होती, "दोघांची गाडी घेतलीत. आता मी कुठं बसू, टपावर?"

"टपावर फळ्या बसणार," बाबा म्हणाले. "सरकतात का, तू त्यांनाच विचार."

त्या बिनकडेच्या टपावर बांधायची रीतही बाबांनीच बसवली. आधी टपावर दोन मऊ गाद्या. त्यावर सर्फबोर्ड पालथे, एकावर एक, मधे जुनी चादर. मग दोन्ही दारं उघडायची आणि आम्हा बहिणींना एका दारातून आत घेऊन, बसणाऱ्यांच्या डोक्यावरून दुसऱ्या दारानं बाहेर काढायचं, वरून फिरवायचं आणि चापात आवळायचं. दारं लावली की झालं. त्यामुळे माझं अर्धं अंग बाहेर वाऱ्यात आणि अर्धं आत, बापलेकींच्या गप्पा ऐकत. पावसात पाणी माझ्या अंगावरून ओघळत आत यायचं आणि नेमकं बाबांच्या टकलावर ठिबकायचं. मासोळी हसून हसून बेजार व्हायची. बाबा म्हणायचे, देवानं माळरान दिलं तेव्हाच सिंचनाची सोय केली असणार.

बाबा दोन गोष्टी कधी चुकवायचे नाहीत. बाहेरच्या भागाला एक पीळ द्यायचे, म्हणजे वाऱ्यात मी घुमायची नाही. आणि दर खेपेला मला चार बोटं पुढं सरकवायचे. दाराची कड पट्टीला चावते. रोज एकाच जागी चावली तर पट्टी तिथंच मरते. "तिलाही कूस बदलायला लागते," असं ते गाडीशी एकटेच बोलायचे. मासोळी तेव्हा मागच्या बाजूला सामान रचत असायची. बापाचं हे बोलणं तिच्या कानावर कधी गेलंच नाही. तेवढं एक राहून गेलं.

शेवटच्या दिवशी बाबांनी मला बांधलं आणि दाराच्या कडेशी माझ्या अंगावर निळ्या पेन्सिलीनं एक रेघ ओढली. आजची जागा लक्षात राहावी आणि उद्या तिथून सरकवता यावं, एवढ्यासाठी. अलीकडे त्यांना विसरायला होत होतं. दुसऱ्या दिवशी ते कामाच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हातात घासायचा कागद तसाच होता.

मासोळीनं महिनाभरानं गाडी काढली. माझ्यावरची निळी रेघ तिला दिसली आणि ती तिथंच रस्त्यावर बसून रडली. मग उठली, ती रेघ बरोबर दाराच्या कडेवर ठेवली, आणि मला बांधलं. त्या दिवसापासून रोज तसंच. एका बोटाचाही फरक व्हायचा नाही. बाबांनी ठरवलेली जागा म्हणून ती इतक्या निगुतीनं पाळायची की मला तिची दया यायची. ज्या जागेवरून हलायचं म्हणून ती खूण होती, तिथंच ती मला रोज ठेवत होती. मला तोंड नाही, बाई. असतं तर ओरडून सांगितलं असतं.

दोन वर्षं दार त्याच जागी चावत राहिलं. आधी कडेचा एक धागा सुटला, मग चार, मग बोटभर रुंदीचं जाळं झालं.

आईला ते दिसलं. आईचं सारं आयुष्य नेमांत गेलेलं. मासोळी पाण्यातून परत येईस्तोवर ती पोटात अन्नाचा कण घालायची नाही, नवरा होता तेव्हापासूनचं तिचं व्रत. तिनं लेकीला सांगितलं की नवी आण. मासोळी म्हणाली की हिला बाबांचा हात लागलाय, ही आहे तोवर मला काही होत नाही. आईचे डोळे भरले.

तिनं गोधड्या शिवायची मोठी सुई काढली, दोरा दुहेरी घेतला आणि पायरीवर बसून मला शिवायला घेतलं. प्रत्येक टाक्याला देवाचं नाव. टाके इतके बारीक आणि सारखे की पाहत राहावं. माझ्या जन्मात मला असं कुणी मांडीवर घेतलं नव्हतं. मलाही वाटलं, आता मी धड झाले. त्या टाक्यांत माया अपार होती, पण चार फळ्या आणि समोरचा वारा पेलायला लागतं ते काही त्यांत नव्हतं. हे तिला कळायला हवं होतं का? मी तिला दोष देऊ शकत नाही, आणि तिला निर्दोषही म्हणवत नाही.

ती सकाळ स्वच्छ होती. चार फळ्या, दोन वल्ही, ओल्या कपड्यांची थैली. मासोळीला उशीर झाला होता, आणि ती गाडी हळू चालवायला शिकलेलीच नाही. समुद्राकडेच्या सरळ रस्त्याला लागलो आणि वारा फळ्यांच्या नाकाखाली शिरला. एकेक टाका निघताना मला कळत होता. मी धरलं. देवाशपथ, शेवटच्या धाग्यापर्यंत धरलं. मग माझे दोन तुकडे झाले. वरची फळी पुढून उचलली गेली आणि पाखरासारखी उडाली.

पुढं टपाल वाटणारी एक बाई सायकलवर चालली होती. चाळिशीची. रस्त्याच्या अगदी कडेनं, तिच्या बाजूनं. मी पाहिलं, म्हणून सांगते. फळी तिच्या पाठीत बसली आणि पत्रं रस्ताभर पसरली.

मासोळी धावली. तिनंच दवाखान्याची गाडी बोलावली, तिनंच त्या बाईचं डोकं हातांत धरून ठेवलं. पण लोक जमायच्या आधी तिनं दारातून माझे तुकडे ओढून काढले आणि थैलीच्या तळाशी कोंबले. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला तिनं माझी बहीण दाखवली, ती धडधाकट होती. पुढची पट्टी वाऱ्यानं उडाली म्हणाली. वाऱ्याचा अवचित झोत आला म्हणाली. आणि मग, घाबरलेल्या माणसाला कुठं थांबावं ते कळत नाही तसं, म्हणाली की त्या बाई रस्त्याच्या मधोमध होत्या.

त्या एका वाक्यानं पुढचे बावीस दिवस खाल्ले.

टपालवाली वाचली, पण कमरेखाली काही हलेना. आई रोज दवाखान्यात जायला लागली. तिला वाटत होतं की वाऱ्याचाच घाला. घरी येऊन ती लेकीला सांगायची आणि थैलीच्या तळाशी मी ऐकायची. टपालवालीच्या कार्यालयात म्हणे तिच्यावरच ठपका येतोय, नेमलेली बाजू सोडली म्हणून. तिचा नवरा तिच्याशी धड बोलत नाही. आणि ती स्वतः आईचा हात धरून म्हणते, "काकू, माझंच चुकलं असेल. मी गुणगुणत चालले होते. गुणगुणताना मी कधी मधे आले, मलाच कळलं नाही."

मासोळी हे ऐकून उठून जायची. नळ सोडल्याचा आवाज यायचा.

तेविसाव्या दिवशी आईनं धुवायला म्हणून थैली पालथी केली. मी तिच्या पायाशी पडले. तिनं मला उचललं, तुटलेलं टोक उलटून पाहिलं, आणि स्वतःचे टाके तिला ओळखू आले. आपला हात कुणाला ओळखू येत नाही?

मासोळी दारात उभी होती. ती आपणहून बोलायला लागली. वर्ग बंद होईल, बाबांनी उभं केलेलं सगळं जाईल, त्या बाईचे पाय काही परत येणार नाहीत, मग सांगून कुणाचं भलं होणार आहे? आणि शेवटी हळूच, "टाके तुझे आहेत, आई. तुझंही नाव येईल."

आई मला मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "खूण तुझ्या बाबांची होती. टाके माझे होते. बांधली तू. त्या बाईचं काय होतं गं यात?"

मासोळी उंबऱ्यावर खाली बसली.

"तुझ्यासाठी मी इतकी वर्षं उपाशी राहिले," आई म्हणाली. "तुला देवानं सुखरूप ठेवावं म्हणून. तिच्या आईनंही काही मागितलं असेल की."

त्याच दुपारी दोघी दवाखान्यात गेल्या. मी आईच्या पिशवीत होते. आईनं मला पलंगावर त्या बाईच्या हाताशी ठेवलं आणि बाजूला झाली. बोलायचं मासोळीनं होतं. तिला नीट सांगता येईना. अडखळली, मधेच थांबली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पण सगळं सांगितलं. निळी रेघ, टाके, थैली. आणि म्हणाली, "तुम्ही तुमच्या बाजूला होतात. मी खोटं बोलले."

टपालवालीनं माझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. एकेक टाका मोजावा तसं.

"म्हणजे मी कडेलाच होते?"

"हो."

"बावीस दिवस," ती म्हणाली. "बावीस दिवस मी छताकडे बघत मनात त्याच रस्त्यानं परत परत गेले. कुठं चुकले, कुठं चुकले." मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. "जा आता."

तिनं क्षमा केली असं मला सांगता येत नाही. केली नाही. तिथून दोघी अधिकाऱ्याकडे गेल्या आणि मला टेबलावर ठेवून आल्या.

आता मी एका कागदी पाकिटात आहे, क्रमांक लावलेली, लोखंडी कपाटात. माझी बहीण शेजारच्या पाकिटात. मासोळीचा वर्ग बंद झाला, बाबांच्या खोलीला कुलूप आहे, गाडी अंगणात झाकून ठेवलीय. चौकशीच्या तारखेला मला बाहेर काढतात तेव्हा आईचा आवाज ऐकू येतो. टपालवालीवरचा ठपका निघाला. नवरा तिची चाकांची खुर्ची ढकलत तिला फिरायला नेतो. आई दर आठवड्याला तिच्या दारात जाते. चार वेळा दार उघडलंच नाही. गेल्या खेपेला उघडलं, आणि आत या असं नाही, पण उन्हात उभ्या राहू नका एवढं ती म्हणाली. आईनं अधिकाऱ्याला हे असं सांगितलं की जणू मोठी बातमी आहे. मला वाटतं, आहेच.

ऐकणाऱ्या बाई, दादा, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या झाकलेल्या चुकीपायी कुठंतरी कुणी छताकडे बघत स्वतःलाच दोष देत पडलं असेल. तुम्हाला ते माणूस ठाऊक असतं. आईसारखं एक व्रत तुम्हीही घ्या. चूक लपवलीत तशीच उचला, त्या माणसाच्या हाताशी नेऊन ठेवा, आणि तोंडानं सांगा, तुम्ही तुमच्या बाजूला होतात. माफी मिळेल न मिळेल, तो विचार करत बसू नका. आज दिवस आहे तोवरच निघा.