न आखलेले डोळे

पेणमध्ये लग्नाचे फोटो काढणारे पैशाला पासरी मिळतील. दत्तात्रेय त्यांच्यातला नव्हे, असं निदान दत्तात्रेयाचं मत होतं. बाकीचे सोफ्यावर नवरा-नवरी बसवणार, पाहुण्यांची रांग लावणार आणि फटाफट बटण दाबणार. दत्तात्रेय मात्र चेहरा काढायचा. त्यासाठी त्यानं दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन मुंबईहून खास पोर्ट्रेटची लेन्स आणली होती. पंच्याऐंशी एमएमची, मुठीत न मावणारी. ती पूर्ण उघडली की नवरीच्या पापणीचा केस न् केस दिसायचा आणि मागचं सगळं, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, जांभया देणारे पाहुणे, लोण्यासारखं वितळून जायचं. गिऱ्हाईक फोटो बघून वेडं व्हायचं. दत्तात्रेय तर आधीच झाला होता.

लेन्सचा पहिला फोटो त्यानं आईला दाखवला. आई, हौसाबाई, हमरापूरच्या गणपती कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम. मिठागरावर कामाला जाणारा नवरा गेला तेव्हा धाकटी मैना चार वर्षांची होती. तेव्हापासून या बाईनं एका बारीक कुंचल्यावर दोन पोरं वाढवली. श्वास रोखून एका दमात भुवई ओढायची, की मग मूर्ती बघणाऱ्याकडे बघायला लागायची. तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळा रंग कायमचा बसला होता. खोबरेल, रॉकेल, कशालाच तो दाद देत नसे.

फोटो निरखून ती म्हणाली, "हे आमच्यावानीच हाय. डोळा साधला की बाकीचं चालून जातं."

तिच्या कारखान्यात एक रीत होती. न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती गाड्या भरभरून बाहेर जातात ती गोष्ट निराळी, पण एकदा रंगाला घेतलेली मूर्ती डोळे आखल्याशिवाय दाराबाहेर जायची नाही. मालक हैबतराव तसा पैशाचा लोभी माणूस, पण याबाबतीत त्याचंही काही चालत नसे. एका वर्षी टेम्पो दारात घरघरत उभा, गिऱ्हाईक शिव्या घालतंय आणि हौसाबाईला ताप. तर ती तापातच उठून गेली, दार अडवून शेवटच्या सात मूर्तींचे डोळे आखले आणि मगच दारातून बाजूला झाली. घरी येऊन म्हणाली, बिनडोळ्याचा देव कुणाच्या घरी धाडू? दत्तात्रेय तेव्हा शाळेत होता. ही गोष्ट त्यानं पुढं शंभर जणांना सांगितली असेल.

मैनाचं लग्न वैशाखात रोह्याला ठरलं. मुलाकडच्यांनी हॉल घेतला होता. दत्तात्रेयाला ओळखीच्या दोघा फोटोवाल्यांनी सांगून पाहिलं, अरे, तू नवरीचा भाऊ, तू मानानं मिरव, आम्ही काढतो. पण ऐकेल तर तो दत्तात्रेय कसला. माझ्या बहिणीचे फोटो दुसरा कुणी काढणार नाही, म्हणाला. साधी लेन्स त्यानं घरीच ठेवली. साधे फोटो काढायचे असते तर मग लेन्स आणली कशाला? पिशवीत दोनच घेतल्या, ही पंच्याऐंशीची आणि एक मॅक्रो, अगदी जवळून बारीकसारीक टिपायची.

मॅक्रोनं त्यानं लग्नाच्या आदल्या दिवशीच एक काम उरकलं होतं. नवरा-नवरीच्या दोन सोन्याच्या अंगठ्यांचा फोटो हवा होता, तर त्यानं त्या आईच्या तळहातावर ठेवल्या. ती हात मागं घ्यायला लागली. माझ्या हातावर नको रे, म्हणाली, नव्या जोडप्याच्या वस्तू हायत, विधवेच्या हातावर कशाला. तो हसला. कुणाचा हात आहे ते कुणाला कळणार, म्हणाला. मग तिनं हात पुढं केला आणि फोटो होईपर्यंत भुवई ओढताना रोखायची तसा श्वास रोखून धरला.

लग्नात कन्यादान काका-काकूंनी केलं. हळदीला, ओटीला, अक्षतांना हौसाबाई मागंच राहिली. तिला कुणी हटकलं नाही. तशी वेळच तिनं येऊ दिली नाही, आपणच एक खांब शोधून त्याच्या बाजूला उभी राहिली. आमच्याकडे अशा बाईला कुणी वाईट बोलत नाही. कुणी पुढंही बोलवत नाही. दत्तात्रेयानं बोलवलं असतं, मुलीनं हट्ट धरला असता तर आली असती की नाही, देव जाणे. दत्तात्रेय कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता आणि नवरीला मान वर करायची सोय नव्हती.

अंतरपाट धरला. मैनानं मुंडावळ्यांआडून डोळे उचलले, त्यात पाणी तरळलेलं. दत्तात्रेयाला हवा होता तोच क्षण. पण लेन्समधून बघताना तिच्या कानाशेजारी मागं एक पांढुरका डाग आला, वितळलेला, नजर ओढून घेणारा. फोटो नासत होता. त्यानं डोळा न काढता डावा हात हवेत हलवला, बाजूला व्हा म्हणून, हॉलमध्ये पोराटोरांना करतात तसा. डाग हलला, गेला. त्यानं बटण दाबलं.

कॅमेरा खाली घेतल्यावर त्याला दिसलं, की खांबाशेजारची जागा रिकामी आहे आणि फिकट लुगड्याचा पदर खांबाआड गेला आहे. मग त्यानं स्वतःची समजूत घातली, की जेवणं झाल्यावर आईचे चांगले चार फोटो काढू. जेवणं झाल्यावर आई म्हणाली, आता नको, नव्या जोडप्याच्या पहिल्या फोटोत मी कशाला. मैना मांडवपरतणीला घरी आली की काढ. मैना मांडवपरतणीला आली तेव्हा कॅमेरा कोलाडला दुसऱ्या लग्नात होता.

मार्गशीर्षात हौसाबाई चार दिवसांच्या तापात गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला तर मतदार ओळखपत्रावरचा तेवढा निघाला. एरवी कॅमेरा दिसला की ती तोंडावर पदर ओढून घ्यायची. पेणमधल्या सगळ्यात हुशार फोटोवाल्याच्या घरी आईचा फोटो सरकारी, घाबरलेल्या डोळ्यांचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. येणारे-जाणारे तो बघून घेत होते.

फाल्गुनात मैना रोह्याहून एसटीनं आली. सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी आता करणारं कोण? सासू म्हणाली, राहू दे, इथंच कर, आणि ती चांगल्या मनाची बाई होती म्हणून तसं म्हणाली. मैना दत्तात्रेयाच्या स्टुडिओत खुर्चीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दादा, माझ्या लग्नातला आयचा एक फोटो दे. बाळंतिणीच्या खोलीत लावीन. ती नाय तर तिचा फोटो तरी हवा जवळ."

दत्तात्रेय म्हणाला, भिंतीवरच्या फोटोची प्रत देतो. तिनं मान हलवली. त्यातली आय घाबरलेली हाय, म्हणाली. मला लग्नातली पाहिजे.

एवढी साधी मागणी. त्यानं कॉम्प्युटर चालू केला. नवरदेवाकडच्या व्हिडिओवाल्यानं स्टेजवरून कॅमेरा हलवला नव्हता हे त्याला ठाऊक होतं. जे काही असेल ते इथंच, त्याच्या साडेतीन हजार फोटोंत. तो एकेक फोटो पुढं सरकवू लागला. मैनाचा चेहरा, मैनाचे डोळे, नथीचा मोती, काकूचं हसू. सगळं काळजाला हात घालणारं. आणि प्रत्येक चेहऱ्यामागं तो पांढुरका डाग, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. बहीण जाईल तिथं तो डाग तिच्या मागं मागं फिरत होता.

"ह्ये पांढरं काय हाय रे?" मैनानं विचारलं.

"ती आय हाय."

मैना खुर्ची पुढं ओढून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. जवळून तर काहीच दिसत नव्हतं. पदर कुठं संपतो, कपाळ कुठं लागतं, कशाचा पत्ता नाही.

दत्तात्रेयाला एकदम आठवण झाली आणि बुडत्याला काडी सापडावी तसा तो घाईनं अंगठ्यांच्या फोटोवर गेला. अल्बममध्ये अख्ख्या पानभर छापलेला फोटो. थांब, म्हणाला, हा हात बघ, हा आयचा हाय, कुणाला सांगितलं नव्हतं. मैनाच्या तोंडावर क्षणभर उजेड आला. तिनं पडद्यावरच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"नखातला काळा रंग कुठाय?"

तो रंग दत्तात्रेयानंच काढला होता. अल्बमला देताना दोन तास बसून त्यानं तळहाताच्या भेगा बुजवल्या, काळपटपणा घालवला, नख साफ केलं. कशालाच दाद न देणारा तो रंग त्यानं माऊसनं पुसून टाकला होता. कॉम्प्युटरवर त्यानं मूळ फोटोवरच हा नवा साठवला होता आणि कार्ड दुसऱ्या लग्नासाठी कधीच कोरं केलं होतं. पडद्यावर एक गोरा, गुळगुळीत, कुणाचाही असेल असा हात होता. मैनानं बोट मागं घेतलं.

मग अंतरपाटाचे फोटो आले. पहिल्या तीन फोटोंत डाग होता. चौथ्यात नव्हता. तोच तो सुंदर फोटो, डोळ्यांत पाणी तरळलेला, स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला.

"हितं आय नाय," मैना म्हणाली. "अक्षतांच्या येळी कुठं गेली व्हती ती?"

खोटं बोलायला जागा होती. पाहुण्यांकडे बघायला गेली असेल, एवढं म्हटलं तरी खपलं असतं, आणि मैनानं ते मुकाट्यानं मानलंही असतं.

"मीच हातानं हटवली तिला," तो म्हणाला. "फोटो खराब व्हत व्हता."

बाहेर रिक्षावाले गिऱ्हाईकांना हाका मारत होते. मैनानं हळूच सांगितलं, की तिला हे ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं; आईनं मांडवपरतणीलाच सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, कौतुकानं. म्हणाली होती, दत्त्याचा डोळा भारी हाय, मी आड येत व्हते ते त्यानं लांबून वळखलं. मी लगेच सरले. खांबामागून मला अक्षता दिसल्या नाय, पण तुझा फोटो चांगला आला.

दत्तात्रेयानं टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला. आईच्या बाराव्यालाही तो असा रडला नव्हता. मैनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण उगी म्हणाली नाही. तिचेही डोळे वाहत होते.

"डाग हाय तो फोटो दे," शेवटी ती म्हणाली. "तिसरा. मोठा करून दे."

त्यानं सांगितलं, की मोठा केला तर आणखी पुसट होईल, चेहरा कधीच येणार नाही, असं कुठलंच मशीन नाही. ती म्हणाली, नाय आला तरी चालंल. पोराला मी सांगीन, ही तुझी आजी.

त्यानं मैनाचा चेहरा कापून बाहेर ठेवला आणि नुसता डाग हातभर कागदावर छापला. फिकट पांढरं, त्यात जरा तांबूस, वरच्या बाजूला काळसर. डोळे असायला हवेत तिथं नुसता धुरकटपणा. कागद वाळल्यावर त्यानं तो पाकिटात घातला. मैनानं ते पोटाशी धरलं, उठताना टेबलाचा आधार घेतला आणि रोह्याची गाडी चुकेल म्हणून निघाली.

दत्तात्रेय उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. एकदा रंगाला घेतलेली मूर्ती डोळे आखल्याशिवाय बाहेर सोडायची नाही, म्हणून तापानं फणफणलेली आई अशीच दारात उभी राहिली होती. त्याच्याकडे ती लेन्स होती, अख्ख्या पेणमध्ये नसलेली, आणि एक भुवई ओढता येत नव्हती. तो बाजूला झाला. मैना पाकीट घेऊन उंबरा उतरली, आणि हौसाबाईच्या पोरानं आईला बिनडोळ्यांची मैनाच्या सासरी धाडली.