वहीतले ‘हे’

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. मंडळाचा सचिव शेखर शाळेत मास्तर आहे. त्यानं स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मंडळाचा इतिहास लिहायला माझ्या घरची वही नेली. ती वही माझ्या बायकोच्या, मनकर्णाच्या हातची. मनकर्णा पौषात गेली. वही देणं मला जड गेलं, पण मंडळाचा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नव्हता.

वही सुरू झाली ती आमच्या लग्नाच्या वर्षी. सुलतानपूरच्या सामन्यांत खेळाडूंची यादी लेखी मागितली होती. आमच्यात कोणाचंच अक्षर लागत नसे. मनकर्णा सातवी शिकलेली. ती दाराच्या आत बसली, आम्ही ओसरीवर. एकेकानं नाव सांगायचं, तिनं लिहायचं. कर्णधार भगवानराव, मग कडूबा, गोविंदा, असे सहा झाले. सातवा मी. माझं नाव तिला माहीतच होतं, म्हणून कोणी सांगितलं नाही.

सुलतानपुरात पंचांनी यादी वाचली आणि सातव्या ओळीवर अडले. ‘हे’ म्हणजे कोण, असं त्यांनी विचारलं. सगळं मैदान हसलं. पुढे कित्येक वर्षं भगवानराव मला तेच म्हणायचा, ओ हे, डावा कोपरा सांभाळा. घरी येऊन मी तिच्यावर चिडलो. नाव लिहायला काय झालं होतं, म्हणालो. ती भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तोंडानं घेत नाही, तं हातानं कसं घेऊ?”

मग मी विषय सोडला. पंचांना द्यायच्या कागदावर माझं नाव मी लिहायचो, वहीत ती ‘हे’ लिहायची. पंचवीस-सव्वीस वर्षं तिनं ती वही लिहिली. मैदानावर ती कधी आली नाही, तेव्हा बायका येत नसत. मी जेवताना सामना सांगायचो आणि भांडी झाल्यावर ती लिहून ठेवायची. गोविंदाचा खांदा निखळला, हळद लावली. पाऊस, खेळ नाही. कडूबा हरल्यावर रडला. शहाऐंशी साली आम्ही बुलढाण्याला जिल्ह्याची ढाल जिंकली. त्या सामन्यात मी पडलो होतो, पण घरी सांगितलं नव्हतं. तिनं माझा गुडघा पाहिला आणि लिहिलं, ‘हे पडले. उठले.’

परवा शेखर छापायच्या आधीचे कागद घेऊन घरी आला. बरोबर भगवानराव. तो आता मंडळाचा अध्यक्ष आहे. ढालीचं पान त्यानं मोठ्यानं वाचलं. ‘विजेते खेळाडू हे: भगवानराव, कडूबा, गोविंदा’ आणि पुढे आणखी तिघं. तो थांबला. बोटांवर मोजलं.

“सहा जणांनी ढाल आणली का बे आपण?”

शेखर गोंधळला. वहीत सहाच नावं आहेत, म्हणाला. मी वही उघडून दाखवली. त्या वर्षापर्यंत ती यादीची सुरुवात माझ्यापासूनच करायला लागली होती. खेळाडू, आणि खाली पहिल्याच ओळीत ‘हे’. शेखरला वाटलं होतं, खेळाडू हे, म्हणजे पुढे दिलेले. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं लगेच पेन काढलं आणि ‘हे’ खोडून हिंमतराव लिहायला लागला. मी त्याचा हात धरला.

मी म्हटलं, तिनं लिहिलं तसंच राहू दे. शेखर म्हणाला, काका, लोकांना समजणार नाही. मी म्हटलं, तर खाली लिही, वही लिहिणारी नवऱ्याचं नाव घेत नव्हती. आणि तिचं नाव टाक. पूर्ण इतिहासात तिचं नाव कुठेच नव्हतं.

यावर भगवानराव बोलला. स्मरणिकेत फक्त खेळाडूंची आणि देणगीदारांची नावं घ्यायची, असं बैठकीत ठरलं होतं. एक नाव घेतलं की दहा घरं विचारायला येतील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझ्याजवळ तिच्यासाठी मागायला आता एवढंच उरलं होतं.

“मग मले बी काढ,” मी म्हटलं. “सहाच राहू दे.”

 भगवानरावानं वही स्वतःकडे ओढली आणि चष्मा लावून पानं उलटत बसला. एका पानावर थांबला. त्याची आई वारली त्या आठवड्यात आम्ही हरलो होतो, ते पान असावं. तिथे काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

“लिही, शेखर,” तो म्हणाला. “पयल्या पानावर लिही. बैठकीले मी सांगतो.”

शेखरनं मला पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, मनकर्णा हिंमतराव लहाने. त्यानं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. तिच्या हातानं मधलं नाव कधी लिहिलं गेलं नसतं. मला ते दिसलं, पण खोड म्हणालो नाही. आडनावाचा काना-मात्रा बरोबर आहे का ते पाहिलं आणि कागद परत दिला.